पॅगोडाच्या घंटा

रविवार, १० एप्रिल २०११. इचिकावा

मंदारचा हट्ट, म्हणून आज इराला घेऊन उएनोच्या बागेत गेलो. मोठ्या भूकंपापासून महिनाभर घरात बसून पोरगी भित्री होईल, म्हणे. चेरी भरभरून फुलली होती, पण यंदा कंदील नाहीत, आणि झाडांखाली बसलेली माणसंही हळू आवाजात बोलत होती.

पॅगोडापाशी थांबलो. पाच मजली, जुन्या लाकडाचा. "बघ, किती भूकंप पचवून उभा आहे," मंदार इराला सांगत होता. माझं लक्ष छपरांच्या कोपऱ्यांतल्या घंटांकडे. त्या हलत होत्या. झाडावरची पाकळीही हलत नव्हती, मग घंटा कशा?

"वारा असेल गं. सारखं तेच नको शोधूस," मंदार म्हणाला. असा राग आला! जशी काही मी एकटीच घाबरते.

इरा मात्र गुपचूप लांब मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली होती. तिथून जपानीत म्हणाली, "आई, तिथे नको थांबू, वरून पडेल." शाळेत शिकवतात तसं, अगदी शांतपणे.

त्या घंटा अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

इरा दमून लवकर झोपली. पांघरूण घालायला गेले, तर उशाशी तिचे बूट, रात्री पळावं लागलं तर म्हणून, नीट जोडून ठेवलेले. बाहेरच्या चपला-बूट घरात आणायचे नाहीत, हे मीच तिला ओरडून शिकवलंय. उचलायला वाकले, पण मन होईना. उलट माझेही आणायला दाराशी गेले.

तिथे मंदारचे बूट नव्हते. आमच्या खोलीत, त्याच्या उशाशी होते.