वन्संकडचं बंद पाकीट

डिलाईल रोड,
शुक्रवार

ती. ललितावन्संना साष्टांग नमस्कार.

सोमवारी मी तुम्हाला फणसवाडीला एक बंद पाकीट पाठवलं. वर 'माझं काही बरंवाईट झालं तरच फोडावे' असं लिहिलं होतं. बरंवाईट काही झालेलं नाही. पाकीट फोडू नये, एवढ्यासाठी हे पत्र. तुमची कंबर कशी आहे? रोज शेकता ना? (शेकत नसणार. असो.)

दोष तुमच्या पुस्तकांचा आहे. दिवाळीत तुम्ही दिलेल्या त्या सहा कादंबऱ्या, सगळ्यांत नवरा गोडबोल्या, बायको एकटी आणि घरात एक बंद खोली, मी तीन आठवड्यांत वाचल्या. कबूल करते, हातातून सुटत नाहीत. दोनदा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. पण वन्सं, लिहिणाऱ्यांना घर म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्या बाया कधी डाळ भिजत घालत नाहीत. त्यांच्याकडे कोणी विरजण मागायला येत नाही. आमच्या मजल्यावर मुडदा लपवणं सोडा, नवी बादली आणली तरी चारजणी किंमत विचारतात. आणि दोनशे पानं जी बाई आपल्याला सगळं खरं सांगते, तीच शेवटच्या वीस पानांत खोटारडी निघते! एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. अशा मुलीला मी बाकावर उभं केलं असतं.

हे सगळं कळूनही मी फसले. तुमचे भाऊ दर बुधवारी दुपारी वाचनालयात जातो म्हणून जाऊ लागले आणि येताना एकही पुस्तक आणीनात. आल्या आल्या स्वतःचा शर्ट स्वतः धुवायचे. (एकोणचाळीस वर्षांत या माणसाने रुमालसुद्धा धुतलेला नाही.) खिशात अनोळखी किल्ली. फोनवर हळू आवाजात, "चंपा, हिला कळता कामा नये." आणि गेल्या रविवारी न सांगता माझ्यासाठी हळदीचं दूध केलं. तुमच्या सहाही पुस्तकांत दूध आहे. मी ते कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं आणि पाकिटातलं लिहायला बसले. रडले नाही. अक्षर मात्र बिघडलं.

परवा बुधवारी मागोमाग गेले. (ते बसने, मी टॅक्सीने.) काळाचौकीत एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर ते एका खोलीत शिरले. मी जिन्यात दम घेतला आणि दार ढकललं. ती आपल्या गावकीची खोली निघाली! गावाहून गिरणीत कामाला आलेल्या बाप्यांसाठी गावाने घेतलेली. मला वाटलं, ती कधीच विकली. आत पेपर पसरून पाच म्हातारे, मधे भाजलेले सुके बोंबील, आणि स्टोव्हपाशी चंपा: वय चौऱ्याहत्तर, त्या पाचांतल्या भिवाभावजींची थोरली बहीण. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी खारं बंद केल्यापासून तुमच्या भावाचं हे वाचनालय चालू होतं.

पेपरापाशी जागा करत धोंडूभावजी म्हणाले, "वयनी, इलास तर बसा. भाकरी आसा."

"अगो, डॉक्टरांक सांगू नको," तुमचे भाऊ.

"डॉक्टरांना बंद करायला मीच सांगितलं होतं," मी म्हटलं आणि बसले. (दीड बोंबील खाल्ला.)

मग दुधाचं विचारलं. माझ्याकडे वेड्यासारखं बघत म्हणाले, "तुका खोकलो झालेलो ना?"

झाला होता, वन्सं. माझ्या लक्षातही नव्हतं.

तुमची,
दर्शना

ता. क. पाकीट फोडलंच असेल तर तिसरं पान वाचू नये. त्यात तुमच्यावरही संशय घेतला आहे, कारण त्या पुस्तकांत नणंद हटकून सामील असते. तरी पाकीट ठेवायला दुसरं कोणी सुचलं नाही.

आणखी ता. क. खरं काम हे, की सहाव्या पुस्तकाची शेवटची सोळा पानं गायब आहेत. नवऱ्याने केलं, की बहिणीने? ताबडतोब कळवावं. आणि असली आणखी असतील तर पाठवावीत.

तुमच्या सूनबाई दीपिकाच्या हाती दिल्या: कादंबऱ्या पाच. (सहावी उत्तर आल्यावर.)
तुमच्या भावाच्या हाती दिले: दर बुधवारी बोंबील दोन, पाण्यातून धुऊन, आपल्या घरी, माझ्यासमोर.