आत्याचं घर असताना

वाशी,
२२ जानेवारी १९८३

ती. दादास आणि सौ. वहिनींना चारूचा नमस्कार.

तिळगुळाचा डबा पोचला. वहिनींच्या वड्या एवढा प्रवास करूनही शाबूत होत्या, आमच्या इथल्या दुकानातल्या मात्र पिशवीतून घरी आणेपर्यंत भुगा होतात. दादा, तू हे पत्र नेहमीसारखं ओसरीवर बसून मोठ्याने वाचत असशील, तेव्हा ऐकणाऱ्या सगळ्यांना माझा नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. यांची कारखान्यातली पाळी दर आठवड्याला बदलते आणि माझी शाळा दुपारची, त्यामुळे एका घरात राहून आमची गाठ पाहुण्यांसारखीच पडते.

सुचित्राला तुर्भ्याच्या औषध कंपनीत ट्रेनिंगला बोलावलं हे वाचून मी शाळेत पेढे वाटले. तीन आठवड्यांचं का असेना, पुढे त्यातूनच नोकरी लागते म्हणतात. आपल्या घरातली मुलगी प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून उभी राहणार, आई असती तर तिने दृष्ट काढली असती.

तू लिहिलंस की सुचित्राचं काय, ती आत्याकडे राहील, पण तिच्याबरोबर येणाऱ्या अरुणाची सोय कुठे करावी? तिचे वडील रावसाहेब विचारतात, मुलीला हॉस्टेल बरं की लॉज, खिशाला परवडून सुरक्षित काय? प्रश्न रास्त आहे म्हणून मी रविवारी दोन्ही बघून आले.

लॉज तुर्भे नाक्याजवळ आहे. बांधकाम नवं, खोलीत आरसा, पंखा, धुतलेली चादर. खाली कांदा-बटाट्याच्या ट्रकचे ड्रायव्हर जेवायला असतात, पण तेही घरदार सोडून आलेले, त्यांना उगाच नावं ठेवू नयेत. मॅनेजर सभ्य वाटला. मी खोलीची कडी लावून पाहिली, पक्की आहे. मग त्याला विचारलं, दुसरी किल्ली कोणाकडे असते? म्हणाला, माझ्याकडे, म्हणजे अडचण यायला नको. मला अडचण तिथेच दिसली. खोलीत मुलगी एकटी, दार बंद, आणि किल्ली भलत्याच माणसाच्या खिशात.

हॉस्टेल म्हणजे इथल्या एका महिला मंडळाचं वसतिगृह. एका हॉलमध्ये ओळीने खाटा आणि खाटेखाली ट्रंका. आमटीत डाळ शोधावी लागते. साबण आणि खोबरेल तेल चोरीला जातं, हे तिथल्या मुलींनीच हसत हसत सांगितलं. दिवेलागणीला फाटक बंद होतं. भेटायला आलेला पुरुष बाप असो की भाऊ, त्याने बाहेरच्या बाकावर बसायचं, आत पाऊल टाकायचं नाही. विमलबाई म्हणून व्यवस्थापिका आहेत, त्या दारातच खाट टाकून झोपतात आणि दणदणीत घोरतात. रावसाहेबांना सांग, हॉस्टेलच बरं. साबण गेला तर दुसरा आणता येतो. एकवेळ दाराला कडी नसली तरी चालेल, पण हाक मारली तर ऐकायला बायामाणसं हवीत.

आता मनात आलं ते सुचवते, राग मानू नकोस. सुचित्रालाही अरुणाबरोबर तिथेच ठेवलं तर? दोघींना सोबत होईल, कंपनीत एकत्र जातील-येतील. आमच्याकडे पाण्याची बोंब आहे, शिवाय रंगकाम काढायचं चाललंय. न्हाणीघराची कडी मोडलीय, सुतार आज येतो उद्या येतो करतो आहे. वाईट वाटून घेऊ नका. मी रोज भेटायला जाईन.

वहिनींच्या गुडघ्याला शेकणं चालू ठेवा.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
चारू



वाशी,
६ फेब्रुवारी १९८३

दादा,

हे पत्र ओसरीवर वाचू नकोस. मळ्यात जा, एकटा वाच, मग वहिनींना दे. उत्तर शाळेच्या पत्त्यावर टाक, घरच्या नको.

तुझं पत्र मिळालं. एवढा संतापलास ते बरोबरच आहे. आत्याचं घर असताना मुलगी वसतिगृहात राहिली तर फलटणला लोक तुझ्या तोंडात शेण घालतील, असं तू लिहिलंस. मी तुझ्या जागी असते तर हेच लिहिलं असतं. आपल्याकडे नात्यातलं घर असताना कोणी पैसे मोजून दुसरीकडे उतरलं, तर त्या घराचा अपमान होतो. माझ्या लग्नाआधी परीक्षेला पुण्याला गेले, तेव्हा मीही मावशीच्या स्वयंपाकघरात पाट्या-वरवंट्याशेजारी झोपले होते आणि आईला ते राजवाड्यासारखं वाटलं होतं. नात्यातलं घर म्हटलं की आपण पुढे काही विचारत नाही. लॉजच्या मॅनेजरला मी किल्लीबद्दल विचारलं. घरातल्या माणसाला कोण विचारतं?

यांनीही तुला पत्र लिहिलं, हे मला तुझ्याच पत्रातून कळलं. मी सुचित्राला स्टँडवर घ्यायला येतो, पोर आपल्याच घरी राहील, चारूचं काही ऐकू नका, असं लिहिलंय म्हणे. ते वाचलं आणि हे पत्र लिहायला बसले.

पाणी आमच्याकडे भरपूर आहे. रंगकाम काढलेलं नाही. मला तुला खरं कारण लिहायचं नव्हतं, कारण ते लिहिलं की माझं लग्न तुमच्या लेखी संपलं आणि माझ्यापाशी दुसरं काहीच नाही. पण आता लिहिते.

आमच्याकडे भांड्यांना गोजरा येते. शिरवण्याची आहे, जमिनी नव्या शहरासाठी गेल्यावर तिथल्या बऱ्याच बायका अशी कामं करतात. तरणी आहे, बोलायला फटकळ, माझं आणि तिचं गूळपीठ. दिवाळीनंतर एकदा ती आत न येता दाराबाहेरच उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुमी साळंत गेल्यावर मी येनार नाय. तुमी घरी आसाल तवाच भांडी घासीन." मी विचारलं, का ग? तर खाली बघून म्हणाली, "मना नका इचारू. माजा दादला लय तापट हाय, त्याला कलला त काय खरा नाय."

मी अजिबात चकित झाले नाही, दादा. म्हणजे कुठेतरी मला ठाऊक असणार. गेल्या उन्हाळ्यात यांची भाची परीक्षेसाठी राहायला आली होती, ती परीक्षा अर्धी टाकून घरी गेली. सगळे म्हणाले, अभ्यास झाला नसेल. न्हाणीघराची कडी मी दोनदा नवी बसवून घेतली आणि दोन्ही वेळा ती मोडली. कडी आपोआप मोडत नाही, एवढी साधी गोष्ट मला तोपर्यंत सुचली नव्हती. त्या भाचीला मी पत्र टाकलं. तिने उत्तरात फक्त "मामी, मी पुन्हा येणार नाही" एवढंच लिहिलं.

मी यांना विचारलं. ओरडतील, नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते हसले आणि जेवत राहिले. हात धुऊन आल्यावर माझ्या तोंडात मारली. तेव्हापासून हात उचलायची सवय लागली आहे. पोरबाळ नाही म्हणून डोक्यावर परिणाम झालाय, असं शेजारी सांगून ठेवलंय, म्हणजे उद्या मी बोलले तरी कोणी मनावर घेऊ नये. आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय करायचं?

सुचित्रा पहिल्या पाळीला जाऊन दुपारी परत येईल. मी तेव्हा शाळेत असेन. हे घरी असतील. आता तरी कळलं ना, मी तिला का नको म्हणते?

तू विश्वास ठेवशील का, माहीत नाही. मेहुण्याचं कौतुक तुला माझ्याहून जास्त आहे आणि तो आहेच तसा गोड बोलणारा. पण पोरीला इथे पाठवू नकोस. मला खोटारडी म्हण, कंजूष म्हण, भावजयीवर जळते म्हण, गावाला काय वाटेल ते सांग.

आणखी एक मागायचं आहे. मलाही इथून निघायचंय. मी विमलबाईंना भेटले. खाट रिकामी आहे, नोकरी करणाऱ्या बाईला घेतात, पण लग्न झालेली असेल तर नवऱ्याची किंवा माहेरच्या वडीलधाऱ्या माणसाची चिठ्ठी लागते, हिला इथे राहायला आमची हरकत नाही अशी. नवऱ्याची कुठून आणू? बाबा नाहीत. दादा, दोन ओळींची चिठ्ठी दे. मी फलटणला येऊन तुमच्या गळ्यात पडणार नाही. माझ्या पगारात माझं भागेल. नुसतं कागदावर म्हण की ही माझी बहीण आहे.

वाट पाहते.

चारू



वाशी,
२७ फेब्रुवारी १९८३

दादा,

सुचित्रा आणि अरुणा सुखरूप पोचल्या. मी शाळेतून रजा काढून पनवेलच्या स्टँडवर आधीच जाऊन बसले होते. तू यांना चुकीची तारीख कळवलीस ते बरं केलंस, ते दुसऱ्या दिवशी जाऊन हात हलवत परत आले. घरी येऊन माझ्यावर काय राग काढला ते लिहीत नाही.

सुचित्रा किती उंच झाली आहे! हॉस्टेलात पहिल्याच संध्याकाळी तिचा साबण गेला आणि दुसऱ्या दिवशी हिने कोणाचा तरी उचलला, म्हणजे रुळली. कंपनीत त्यांना काचेची भांडी धुवायला लावलीत, ती म्हणते याच्यासाठी बी.एस्सी. कशाला हवी होती. रोज शाळा सुटल्यावर मी जाते. आम्ही तिघी बाहेरच्या बाकावर बसून शेंगदाणे खातो.

वहिनींनी माझ्यासाठी पाठवलेल्या भाकरी आणि चटणी तिने मला तिथेच दिली. मी म्हटलं, एखाद्या रविवारी दोघी माझ्याबरोबर शाळेजवळच्या बागेत चला, मी डबा करून आणते. तर ती अवघडून म्हणाली, "आत्या, आईने सांगितलंय, तुझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. भांडलात का तुम्ही?" मी हो म्हटलं. वहिनींचं चुकलं असं मी म्हणत नाही. मुलीची आई आहे. सुचित्राला मी खरं काहीच सांगितलं नाही, तीन आठवडे तरी हसत राहू दे.

आता तुझ्या पत्राबद्दल.

मला वाटलं होतं तू विश्वास ठेवणार नाहीस. पुरावा मागशील, यांना बोलावून समोरासमोर करशील, मला वेडी ठरवशील. त्या सगळ्याला काय उत्तर द्यायचं, ते मी शाळेत जाता-येता जुळवून ठेवलं होतं. तू काहीच विचारलं नाहीस. एका वाचनात तुला सगळं पटलं. लगेच तार केलीस, हॉस्टेलचे पैसे पाठवलेस, रावसाहेबांना सांगायला कारणही तयार केलंस. पाकीट फोडून पहिलं पान वाचलं तेव्हा मी शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर रडले. वाटलं, आपल्याला भाऊ आहे.

मग पान उलटलं.

चिठ्ठी देता येणार नाही, असं तू लिहिलंस. नवरा जिवंत असताना बहीण वसतिगृहात राहते हे कळलं तर सुचित्राला स्थळं येणार नाहीत. पुरुषाच्या जातीत असं एखादं असतं, बाईने सांभाळून घ्यायचं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याला रागाला आणू नकोस, त्याच्या कलाने घे, देवाचं काही कर. आणि शेवटी, तू थोरली आहेस, समजूतदार आहेस. दादा, मी तुझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. तू घाबरलास की मला थोरली करतोस, बाबा गेले तेव्हाही केलं होतंस.

मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. एका बाजूला तू लिहितोस, त्या नराधमाच्या घरात माझी मुलगी एक रात्र राहणार नाही. हा शब्द तुझा आहे, मी तो कधी वापरला नव्हता. आणि पान उलटून मला लिहितोस, तुझं घर सोडू नकोस. तू मला खोटी म्हणाला असतास तर बरं झालं असतं. मी तुला शिव्या दिल्या असत्या आणि कधीतरी तुला पटेल अशी आशा धरून बसले असते. आता कशाची आशा धरू? तुला सगळं पटलेलं आहे.

विमलबाईंना सांगून आले, खाट दुसऱ्या कोणाला द्या. त्यांना वाईट वाटलं, पण नियम त्यांचा नाही, मंडळाचा आहे. सुचित्राच्या अर्जावर स्थानिक पालक म्हणून माझी सही आहे. तिच्यासाठी मी सही केलेली चालते, माझ्यासाठी चालत नाही.

गोजराने काम सोडलं. जाताना म्हणाली, बाई, चला माझ्या घरी, चूल मांडून देते. मी हसून टाळलं. ती खरंच म्हणत होती की काय, हे मला नंतर जाणवलं, पण तिच्या नवऱ्याने कारण विचारलं असतं आणि तिला ते सांगावं लागलं असतं. तिच्या संसाराला माझ्यामुळे आग कशाला?

आता संध्याकाळ व्हायला आली, हे यायची वेळ झाली. भाजी चिरायची आहे. भीती वाटते का, असं तू विचारलं नाहीस, तरी सांगते, वाटते. आधी किल्ली दारात फिरण्याचा आवाज झाला की वाटायची, आता दिवसभर वाटते. मुलांना पाढे शिकवतानाही.

ट्रेनिंग संपलं की मी दोघींना पनवेलला गाडीत बसवून देईन, ती काळजी करू नकोस. तोवर त्या हॉलमध्ये तुझी मुलगी अगदी सुरक्षित आहे, याची हमी मी देते. त्यानंतर मला पत्र टाकू नकोस. नमस्कार तेवढा वहिनींना सांग, तुला सांगायला माझ्याकडे उरला नाही.

सुचित्राची आत्या,
चारुलता