फळ्यावरची रोजची चूक

सोमवार, ७ तारीख

माझ्या चौथीच्या वर्गात आज बोलकं मशीन बसवलं. भिंतीवर पडदा, खाली डबा. मुलांनी लगेच बारसं केलं — पोपट! मोठ्या बाई म्हणाल्या, "महिनाअखेर साहेब तपासायला येतील. गडबड झाली तर पुढच्या वर्षी वर्ग पोपट घेईल, तुम्ही फक्त प्लग लावा." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मंगळवार, ८

माझी जुनी पद्धत — रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम करायची. जो पकडेल त्याने शाळा सुटल्याची घंटा वाजवायची. आज खडू खाली ठेवतो न ठेवतो तोच पोपट म्हणाला, "सर, एक छोटीशी चूक आहे. पण प्रयत्न छान होता!" मला!! मग घंटा कोणी वाजवायची यावर वर्गात जुंपली, कारण पोपटाला हात नाहीत. शेवटी शिपाईमामांनीच चिडून वाजवली.

वाईट याचं वाटतं की मागच्या बाकावरची घुमी अर्धवट उठली होती. वर्ष संपत आलं, पोरीने वर्गात तोंड उघडलेलं नाही. चूक तिला दिसली होती, पैजेवर सांगतो. पोपटाने तिच्या तोंडचा घास पळवला.

बुधवार, ९

बायको म्हणाली, "मग चुका त्यालाच करू द्या की!" पोपटाला तसं बजावलं. "उत्तम कल्पना!" म्हणाला. त्याला माझी प्रत्येक कल्पना उत्तम वाटते. घरी असं कोणी नाही.

गुरुवार, १०

पोपट म्हणाला, शंभर सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. सगळ्यांनी मुकाट्याने लिहून घेतलं! मी चुकलो असतो तर फाडून खाल्लं असतं. "अरे, नीट बघा." "सर, पोपट चुकत नाही." घुमी खिडकीबाहेर बघत होती.

शुक्रवार, ११

साहेब आजच आले — न कळवता! पोपटाला आवरायला वेळच मिळाला नाही. "त्रिकोणाला चार कोपरे असतात," तो गोड आवाजात म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. मोठ्या बाईंनीही.

मागून आवाज आला, "चूक."

घुमी! साहेब म्हणाले, "बाळ, ते मशीन आहे." ती फळ्यापाशी आली, त्रिकोण काढला, बोटाने कोपरे मोजले. साहेबांनी मोजले. परत मोजले. मग म्हणाले, "हा तुझा त्रिकोण झाला. मशीनचा वेगळा असेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, मोठ्या बाई तर डोळे वटारून. नोकरीचा विचार आला, खोटं कशाला बोलू! पण ती पोर खडू घट्ट धरून उभी होती. म्हणालो, "तिचं बरोबर आहे. पोपटाला चुकायला मीच सांगितलं होतं."

घुमी तडक बाहेर गेली. वाटलं, रडायला गेली. तेवढ्यात घंटा! पहिला तासही संपला नव्हता. शाळा सुटली — अख्खी. साहेबही बॅग उचलून निघाले.

सोमवार, १४

ठरलं. पुढच्या वर्षी वर्ग पोपटाचा, प्लग माझा. फार लागलं मनाला. खडू उचलला, तर घुमी शेजारी येऊन उभी.

"सर, आज चूक कोण करणार?"

आवाज घोगरा आहे तिचा.