सुनावणीची फाइल

३ मार्च २०२५

चौकातल्या बोर्डावर ह्यांचा फोटो लागला. मला न विचारता! 'मोबाइल टॉवरचा पहिला बळी' — आणि खाली हात जोडलेले भाऊजी. शेजारच्या इमारतीवरचा टॉवर हटवायला त्यांनी समिती काढलीय. हे जाऊन तीन महिने झाले. रिक्षावाले थांबून वाचत होते. भाजी न घेताच परत आले.

५ मार्च

भाऊजी आले. वीस तारखेला महापालिकेत सुनावणी. "वहिनी, तुम्ही नुसतं उभं ऱ्हावा. आजार कवा निघाला तेवढं सांगायचं. बाकी मी बघतो की!"

लेक उसळली, अवनी. "काका, टॉवरनं डोक्यात गाठ होते असं कुठल्याही अभ्यासात सिद्ध झालेलं नाही."

"होत न्हाय असं तरी कुणी लिहून दिलंय व्हय? तुझा बा गेला, पोरी!"

ती रडत आत गेली. मी चहा गाळत राहिले. खरं लिहायचं तर, मला टॉवरच दोषी हवा आहे. नाहीतर ह्यांनाच का, हे विचारू कुणाला?

९ मार्च

टॉवर लागला जानेवारी २०२४ मध्ये. गाठ आहे हे आम्हाला कळलं त्यानंतर सहा महिन्यांनी. शेवटी शेवटी मी ह्यांची कॉट स्वयंपाकघरात ओढून नेली. तिथून टॉवर दिसत नाही म्हणून. खिडकीला पत्रा ठोकून घेतला. हे एवढंच म्हणाले, "तुझं समाधान होतंय ना, मग झालं."

१४ मार्च

फाइलसाठी कागद काढत होते. विम्याच्या पिशवीत ह्यांच्या एमआरआयचा रिपोर्ट निघाला. तारीख — ११ ऑगस्ट २०२२!

तेव्हा टॉवर नव्हताच. गाठ लहान. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलंय, ऑपरेशन लवकर करून घ्यावे. सोबत आलेला नातेवाईक: भाऊ, गुरुप्रसाद. म्हणजे भाऊजीच!

दोन वर्षं मी ह्यांच्या कपाळाला बाम चोळला. पित्त म्हणून. हे डोळे मिटून चोळून घेत होते.

१५ मार्च

भाऊजींना फोन केला. रिपोर्टवरची तारीख वाचून दाखवली. मग म्हणाले, "दादानं पोरांची शपथ घातलती. कापून घ्यायचं न्हाय, वहिनीला कळू द्यायचं न्हाय. भ्यालता ओ तो."

"आणि तो बोर्ड?"

"मला तरी कुणाला शिव्या द्यायच्या, वहिनी?"

फोन ठेवला. ह्यांच्याशी भांडायचं होतं. कडकडून. आता कुणाशी?

१८ मार्च

अवनीनं आज आपणहून विषय काढला. "आधीपासून काही असतं तर पप्पांनी मला सांगितलं असतं. माझ्यापासून त्यांनी कधी काही लपवलं नाही." रिपोर्ट कपाटात, साड्यांच्या खाली. उठून काढणार होते. उठले नाही.

२० मार्च

साहेबांनी विचारलं, "गाठ पहिल्यांदा कधी निघाली?" भाऊजी खाली बघत होते. अवनी माझ्या शेजारी.

"टॉवर उभा राहिल्यावर," मी म्हणाले.