दीप्तीचे ओठ

शुक्रवार, संध्याकाळ. कळवा.

आपल्याच नाटकाच्या ग्रुपमधून मला काढायचं चाललंय, असं आठवडाभर वाटत होतं. दीप्ती लाइट्स बघते, पण तालमीत मी बोलायला लागले की विंगेत तिचे ओठ हलतात. माझीच वाक्यं! आणि मी आले की ती आणि दिग्दर्शक जोएल बोलायचे थांबतात. जोएल असं करेल? तीन वर्षांपूर्वी हा ग्रुप आम्ही दोघांनीच काढला ना?

आज तालमीला बाळकुमच्या हॉलवर राहवलं नाही. सारखे ते हलणारे ओठ. विचारलंच, "जोएल, माझा रोल हिला देतोयस का रे?"

त्याच्याआधी दीप्तीच म्हणाली, "ताई, मागच्या दोन्ही प्रयोगांत तुम्ही तीच चार वाक्यं गाळलीत. पुन्हा अडकलात तर विंगेतून सांगता यावीत म्हणून पाठ करतेय."

"मी एक शब्द गाळलेला नाही!" मी ओरडलेच.

जोएलने मोबाइलवर प्रयोगाचं शूटिंग दाखवलं. त्यात मी थांबलेय, उगाच हसलेय आणि सरळ पुढचं बोललेय. मला यातलं काहीच आठवत नाही.

मग संहितेत ती चार वाक्यं वाचली. छान आहेत, कोणी लिहिली, असं क्षणभर वाटलं. नाटक मीच लिहिलंय.

सोमवारी डॉक्टरांकडे जायचं, जोएल सोबत येणार आहे. पण उद्या हे सगळं विसरून मी पुन्हा त्या दोघांवर संशय घेतला तर? म्हणून लिहून ठेवतेय.