भोपळ्यावर पहिली सुरी

अण्णा, तुमच्या नातीचे वरचे पुढचे दोन्ही दात पडले. एक सफरचंद चावताना गेला, दुसरा तिने स्वतःच जिभेने ढकलून ढकलून काढला आणि रक्ताळलेलं तोंड वासून मला दाखवायला आली. उन्हाळा संपता संपता तिची शाळा सुरू झाली, मग सायकलची मागची छोटी चाकं काढली, आणि आता ती घरासमोरच्या उतारावरून सुसाट येते. धाकटा तीन वर्षांचा आहे. त्याचं डायपर सुटलं, बालवाडीच्या दारात गळा काढणं सुटलं, आणि हल्ली त्याच्या जॅकेटच्या खिशांत रस्त्यावर पडलेले चेस्टनट भरलेले असतात. धुताना काढायचे राहिले की मशीन खडखडतं आणि शेजारीण भिंत ठोकते. आजोबांना कळवाव्यात अशा या बातम्या. तुम्ही या दोघांनाही पाहिलं नाहीत. ते बरंच झालं असं मी आजवर म्हणत आले, आजही म्हणते.

दात हातात धरून तिने मला विचारलं, तुझा पहिला दात कसा पडला होता? विचारलं जर्मनमध्ये, मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, असा आमचा संसार आहे. मी म्हटलं, असाच, हलत होता. खोटं नव्हतं ते. हलत होताच. गॅरेजमध्ये रॉकेलच्या ट्रेला माझा पाय लागला होता, धुवायला ठेवलेले नटबोल्ट मातीत सांडले होते, आणि तुम्ही मागे वळूनही न बघता उलटा हात फिरवलात. तोंडात रक्त आलं आणि तुमच्या बोटांचं ग्रीसही आलं. दात मातीत पडला. तो शोधायला मी वाकले तर तुम्हाला वाटलं नटबोल्ट गोळा करतेय, म्हणून तुम्ही म्हणालात, "हां, सगळे वेच, एक कमी भरला तर बघ." मी सगळे वेचले. दात नाही सापडला.

नुसत्या हाताने भागत नसे तेव्हा फॅनबेल्ट होता. ट्रकचा जुना, काळा, एका जागी चिरलेला, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला. घरात येणाऱ्याला वाटायचं गॅरेजवाल्याचं घर, असेल काही सामान. आईच्या पाठीवर तो बसला की ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज यायचा, आणि चिरलेल्या जागेने कातडी सोलून निघायची. आई ओरडायची नाही. मला म्हणायची, "तू पण आवाज करू नकोस, त्यांना आणखी चीड येते." आम्ही दोघी न ओरडता मार खायला शिकलो. शेजारपाजारी तुम्हाला शांत माणूस समजत.

आणि तुम्हीच मला पाना धरायला शिकवलंत, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मला स्वतःचाच राग येईल. आठवीत असताना मी एका स्कूटरचा कार्ब्युरेटर पूर्ण खोलून साफ करून परत बसवला आणि स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली. तुम्ही गॅरेजमधल्या सगळ्यांना हाक मारून म्हणालात, "बघा रे, पोरीचा हात कसा बसलाय." त्या संध्याकाळी मला खांद्यावर थाप मारलीत. मी अंग चोरलं. तुम्हाला ते दिसलं, तुमचा चेहरा पडला, आणि मला तुमची दया आली. तुमच्यापायी मी इंजिनिअर झाले, तुमच्यापायीच देश सोडला, आणि आता ब्राउनश्वाइगला गाड्यांचे ब्रेक तपासते. दोन्हींचं श्रेय घ्या.

पण आज लिहायला बसले ती भोपळ्यासाठी. पितृपंधरवडा होता, तुमच्या वडिलांचं पान होतं. मी तेव्हा नातीएवढीच होते. गुरुजी आणि भावकीतली माणसं जेवायला यायची होती. आईचा सगळा स्वयंपाक झाला होता, फक्त भोपळ्याची भाजी राहिली होती, कारण भोपळा अख्खा होता आणि आपल्याकडे बाईने अख्खा भोपळा फोडायचा नसतो. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग बाईने चिरायचा. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्याच्यावर बाईने शस्त्र धरायचं नाही. तुम्ही गॅरेजमध्ये कुणाच्या तरी ट्रकखाली होतात. आईने दोनदा मला पाठवलं, दोन्ही वेळा तुम्ही "येतो" म्हणालात. शेजारचे काका गावाला गेले होते. ऊन चढलं. आईने कोयता घेतला, देवघराकडे बघून हात जोडले आणि भोपळ्याचे दोन तुकडे केले.

तुम्ही आलात, अंघोळ केलीत, धोतर नेसलात, आणि पाणी मागायला स्वयंपाकघरात डोकावलात. "कुणी फोडला?" आई म्हणाली, "अहो, वेळ झाली होती, माणसं येतील..." तुम्ही दाराआडचा बेल्ट काढलात. "घरात पोरगा होत नाही, होत नाही, आणि ही बया भोपळे फोडतेय!" असं प्रत्येक फटक्याबरोबर तुकड्या तुकड्याने म्हणत होतात. आईने कोपर तोंडावर घेतलं होतं. बेल्ट कोपरावर, मग मानेवर, मग ती खाली बसल्यावर डोक्यावर. चुलीवरची आमटी सांडली, ती तिच्या पायावर गेली. मी मधे घुसले, तेव्हा बेल्टचं टोक माझ्या भुवईवर बसलं. तो व्रण आहे अजून; माझ्या लेकाला त्याच्यावर बोट फिरवत झोपायची सवय आहे. मग बाहेर गुरुजींची हाक आली. तुम्ही बेल्ट खिळ्याला लावलात, हात धुतलेत आणि बाहेर जाऊन "या, या" म्हणालात. आईने डोक्यावरून पदर घेऊन वाढलं. तुम्ही अंगणात कावळ्यासाठी घास ठेवलात, वडिलांसाठी हात जोडलेत, डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. मग जेवताना म्हणालात, "भाजी चांगली झालीय."

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही त्याच गॅरेजमध्ये छातीला हात लावून बसलात आणि गेलात. मी रडले. का रडले ते अजून धड कळलेलं नाही.

इथे ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोवीन असतं. लोक भोपळा कोरून त्याला डोळे-तोंड करतात, आत दिवा लावून दारात ठेवतात, आणि अंधारायला लागलं की पोरं भुतंखेतं बनून घरोघर खाऊ मागत फिरतात. नातीला व्हँपायर व्हायचं होतं. दात नसलेली व्हँपायर, म्हणून मी तिला दिवसभर चिडवत होते. धाकट्याला वटवाघूळ व्हायचं होतं. त्या दिवशी आमच्या राज्यात सुट्टी असते, पण नवरा कामासाठी न्युरेम्बर्गला गेला होता आणि तिकडे सुट्टी नसते. तो संध्याकाळच्या गाडीने येणार होता, आणि इथल्या गाड्या वेळेवर येतील याचा भरवसा आता जर्मन माणूसही धरत नाही. आता ऐका गंमत. दरवर्षी भोपळ्यावर पहिली सुरी मी नवऱ्याला मारायला लावते. तो समजतो, साल जाड असते म्हणून. मी एवढी शिकलेली, कसले कसले ब्रेक तोडून बघणारी बाई, आणि सुपरमार्केटातल्या भोपळ्याला सुरी लावताना मला घाम फुटतो. एवढं तुम्ही माझ्यात पक्कं बसवलं आहे.

या वर्षी थांबायला वेळ नव्हता. पोरांनी भोपळा टेबलावर आणून ठेवला होता. फोन डाळीच्या बरणीला टेकवून मी आईला व्हिडिओवर घेतलं होतं, तिला नातवंडांचे पोशाख बघायचे होते. माझ्या हातात सुरी बघून ती म्हणाली, "अगं, जावईबापूंना येऊ दे की. मग फोड."

अण्णा, माझं डोकं सणकलं. तिचा एक हात अजून पूर्ण सरळ होत नाही. त्या कोपराने ती मला हे सांगत होती. मी म्हटलं, "आई, तू? तू सांगतेस मला हे?" ती पदराशी चाळा करत म्हणाली, "माझं झालं गेलं. तुला मुलगा आहे, कशाला उगीच?" नातीला मराठी सगळं कळतं. तिने विचारलं, "आजी, वारुम?" का म्हणून? आजीने सांगितलं, "बाईने फोडू नये बाळा, पहिला पुरुषाने फोडायचा." नात हसली. "दास इस्ट डोख डूम," म्हणाली, हा तर मूर्खपणा आहे. आणि माझं लक्ष फोनकडे असताना तिने मी चिरायच्या पाटावर टेकवलेली सुरी उचलली, दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जोर लावून भोपळ्यावर मारली.

धाकटा भोपळ्याला मिठी मारून बसला होता. साल टणक होती. सुरी घसरली, त्याच्या बोटांच्या अगदी जवळून गेली आणि टेबलात रुतली. त्याला काही झालं नाही. नखाएवढ्या अंतराने काही झालं नाही. पण मला त्या क्षणी त्याची बोटं टेबलावर तुटून पडलेली दिसली, आणि मी किंचाळले. तिचा दंड असा आवळला की माझी नखं तिच्या शर्टातून आत गेली. "अक्कल आहे का तुला?" हा आवाज माझा नव्हता. आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर गेला, पंजा उघडलेला.

इथे मुलांवर हात उगारायला कायद्याने बंदी आहे. शाळेत व्रण दिसला तर बाई विचारतात, आणि मग युगेंडआम्ट, म्हणजे मुलांचं बघणारं सरकारी खातं, दारात येतं. आपल्याकडची इथली मंडळी त्या खात्याला चळाचळा कापतात. मला त्या क्षणी ते काहीसुद्धा आठवलं नाही. मला फक्त तिचा गाल दिसत होता.

तिने मान खाली घातली नाही. अंग चोरलं नाही. डोळेसुद्धा मिटले नाहीत. ती माझ्या हाताकडे बघत राहिली, आणि मग हात कुठे दाखवतोय ते बघायला तिने वर छताकडे पाहिलं. "वास इस्ट दा?" तिने विचारलं. काय आहे तिथे? तिला माहीतच नव्हतं, अण्णा. वर गेलेला हात कशासाठी असतो ते तिला ठाऊक नव्हतं. सात वर्षांची होत आली पोर, आणि तिला कोपर तोंडावर घेता येत नाही.

मी फोनकडे पाहिलं. तिकडे, इतक्या समुद्रांपलीकडे, सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईने कोपर तोंडावर घेतलं होतं.

माझा हात खाली आला. कसा आला ते सांगता येणार नाही; तो जड झाला होता. मी लेकीचा दंड सोडला. शर्टावर माझ्या नखांच्या चार खुणा होत्या, तिने त्या चोळल्या आणि म्हणाली, दुखलं मला. मी म्हटलं, हो, मी दुखवलं, माझं चुकलं. हे वाक्य आपल्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं, म्हणून ते म्हणताना माझी जीभ अडखळली. मग मी टेबलात रुतलेली सुरी उपटली, पोरांना मागे सरकवलं आणि भोपळ्यासमोर उभी राहिले. आईने कोपर खाली घेतलं होतं. तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "देठाच्या बाजूने घाल सुरी. तिथनं सोपं जातं."

मी घातली. एकदा घातल्यावर थांबवेना. पुन्हा घातली, पुन्हा घातली, मुठीपर्यंत, गर उडून माझ्या तोंडावर आला, पोरं खिदळायला लागली, त्यांना वाटलं हाही हॅलोवीनचाच भाग. मी दात ओठ खाऊन तुम्हाला भोसकत होते. आई बघत होती. थांब म्हणाली नाही. माझा दम गेल्यावर एवढंच म्हणाली, "बिया टाकू नकोस गं, वाळवून ठेव."

भोपळ्याच्या मागच्या बाजूला भलतीच भोकं पडली, ती आम्ही भिंतीकडे केली. पुढे नातीने तोंड आखलं, पुढचे दोन दात नसलेलं, आणि ते मी कोरलं. अंधारात पोरं जिन्यातून घरोघर फिरून आली, पिशवीभर चॉकलेटं घेऊन. नवरा उशिरा आला आणि दिवा लावलेला भोपळा बघून म्हणाला, "अरे, या वेळी माझ्यासाठी थांबली नाहीस?" मी म्हटलं, नाही. उरलेल्या गराची दुसऱ्या दिवशी भाजी केली. चांगली झाली होती. मीच केली, मीच म्हटलं चांगली झाली म्हणून.

आता नोव्हेंबर लागलाय. पोरं कागदी कंदिलांच्या मिरवणुकीची गाणी घोकतायत, भोपळा बाल्कनीत कुजून बसत चाललाय, आणि मी पोरांना पोचवून आल्यावर हे लिहीत बसले आहे. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. सुरी घसरली, मी घाबरले, घाबरून हात उचलला, पण मारलं नाही. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, आईपण असतंच असं. आईनेही फोनवर तेच म्हटलं, घाबरलीस गं तू. दोघांनाही मी हो म्हटलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, भोपळ्याबरोबर कचऱ्यात जाईल, म्हणून लिहिते. मी घाबरले नव्हते. सुरी घसरली तेव्हा घाबरले होते. हात वर गेला तोपर्यंत भीती संपली होती. हात वर जाताना मला बरं वाटलं, अण्णा. अंगभर बरं वाटलं, उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावं तसं. हे मी नवऱ्याला सांगू शकत नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला मात्र समजावून सांगायची गरज पडणार नाही.