ताई, तुझी ओवाळणी मी खाल्ली

अमरावती,
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप सुभद्राताईस,

धाकट्या गोवर्धनचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी, की त्यात तोंड जमिनीकडे राहतं आणि आज मला तेच सोयीचं आहे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? अकोल्याचं ऊन आताच डोक्यावर आलं असेल, तेव्हा दुपारी बँकेत जायचं त्यांनी बंद करावं असं माझं मत आहे. माझ्या मताला तुझ्या घरी किती किंमत आहे ते मला ठाऊक आहे, आणि हे पत्र वाचून झाल्यावर तीही उरणार नाही. फोन सोडून पत्र काहून लिहून राहिला, असं तू म्हणशील. फोनवर मी दोनदा सुरुवात केली होती. दोन्ही वेळा तू हॅलो म्हटलंस आणि मी गुडघ्याची चौकशी करून ठेवून दिला.

मागच्या रविवारी तू विचारलंस, एवढी वर्षं पेटी वाजवून राहिला, आनंद तरी भेटते का त्यात? मी पाव तास बोललो. एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली की पेटी मांडीवर नीट बसते, हा एक आनंद. भजनात एखादी म्हातारी माझा चुकलेला अंतरा नुसत्या भुवईनं दुरुस्त करते, हा दुसरा. भाजीबाजारात एक पोरगी मी चाल लावलेलं स्वच्छतेचं गाणं गुणगुणत होती (चाल कुणाची हे तिला माहीत नव्हतं, आणि मी आनंदाच्या भरात अर्धा किलो वांगी जास्त घेतली, घरी सीमानं ती तीन दिवस रांधली), हा तिसरा. तू ऐकून खूश झालीस. ताई, हे तिन्ही आनंद खरे आहेत. पण ते सांगताना मी गालाच्या आतला चौथा दाबून धरला होता.

भाऊबीजेला तू साडी बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "साडी नोको. खर्रा सोड, थेच माही ओवाळणी." मी वात पेटलेल्या ताटावर हात ठेवून हो म्हटलं. खर्रा मी एकोणीस दिवस सोडला. विसाव्या दिवशी वलगावला जागरण होतं, माइक चालू होत नव्हता, आणि हाताला काम हवं म्हणून मी पानठेल्यावर उभा राहिलो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळव्यानं खसाखसा घोटतात, तो आवाज तू ऐकला नसशील. आम्हा पेटीवाल्यांना तो लयीत ऐकू येतो. (हे काही कारण नाही. नुसतं सांगितलं.)

आता पुढचं मन घट्ट करून वाच. डिसेंबरात मला एका संस्थेच्या कलापथकात काम लागलं, ते तुला सांगितलंच होतं. कशाचं कलापथक, ते सांगितलं नव्हतं. ते व्यसनमुक्तीचं होतं. गावोगाव बाजाराच्या दिवशी जायचं, गाणी म्हणायची, छोटं नाटुकलं करायचं. पेटी आणि गाणं माझं, ढोलकी वाहेदभाईंची, नाटुकल्यात बायकोचं काम रागिणीचं, आणि प्रीतम नावाचा संस्थेचा मुलगा फोटो काढायला. मुख्य गाणं मीच रचलंय आणि त्याचं धृपद आहे, 'पुडी सोड गड्या, घर धर'. हे मी खर्रा खाऊन रचलं. चांगलं जमलंय.

जानेवारीत नांदगाव खंडेश्वरच्या पुढच्या एका गावात कार्यक्रम होता. आधी सरपंचांचं भाषण. सरपंचांचं भाषण म्हणजे अर्धा तास धरून चालावं, म्हणून मी निवांतपणे पुडी गालात सोडली. तर त्या दिवशी सरपंचांच्या वावरात तूर काढायचं मशीन येऊन उभं राहिलं होतं. ते माइकवर म्हणाले, "व्यसन वाईट हाये, मी निंगतो," आणि खरोखरच निघाले. वाहेदभाईंनी ढोलकीवर थाप मारली. समोर खुर्चीवर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई बसलेल्या. थुंकायला जागा नाही, बोलायला तोंड नाही. ताई, मी ते सगळं गिळलं.

पहिल्या कडव्यापर्यंत घाम आला. दुसऱ्यात उचकी लागली. उचकीही अशी, की बरोबर समेवर. वाहेदभाईंना वाटलं मी मुद्दाम करतोय, त्यांनी प्रत्येक उचकीला ढोलकीवर जबाब दिला. तिसऱ्या कडव्याला डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी पेटीवर आडवा झालो, चार सूर एकदम बोंबलले. रागिणी पाणी घेऊन धावली आणि नाटकातलंच बोलली, "पाहा व बाया, माह्या धन्याची काय गत झाली!" एक बाई पदर डोळ्याला लावून रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वाहेदभाई तेवढे जवळ येऊन वाकले, त्यांना वास आला, आणि ते हळूच म्हणाले, "गोवर्धनभाऊ, शरम करो." एवढंच. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

त्या दिवशी अकरा माणसांनी खिशातल्या पुड्या परातीत आणून टाकल्या. प्रीतम म्हणाला, "दादा, रोज असंच करा." त्यानंतर आठ गावांत मी खोटी उचकी दिली आणि खऱ्या पुड्या खाल्ल्या.

त्या अकरांत एक शालिकराम होता. गावात पिठाची चक्की चालवतो, पंचेचाळिशीचा, भुवया कायम पांढऱ्या. बावीस वर्षांचा खर्रा. परातीत पुडी टाकून त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला होता आणि म्हणाला होता, "पेटीवाले भाऊ, तुमाले पाहून सोडला मी." मी मान डोलावली. मान डोलवायला मी हुशार आहे.

तेहतीस दिवसांनी (दिवस त्यानं मोजले, मी नाही) शालिकराम चक्कीचा पट्टा घ्यायला अमरावतीला आला. दुपारी चार वाजता मी नत्थुजीच्या पानठेल्यावर उभा, आणि मागून हाक आली, "ओ पेटीवाले भाऊ!" वळलो. गाल भरलेला. बोलता येईना, म्हणून मी "हं" म्हटलं. त्याला ते पुरलं. तो आनंदानं सांगू लागला, की आता तोंड जास्त उघडतं, पहिले दोन बोटं जायची नाहीत, आता जातात. परवा पाटवडीचा रस्सा खाल्ला, तिखटजाळ, पण पहिल्यासारखी आग झाली नाही. "बायकोनं तीनदा वाढला भाऊ, अन् पाहत बसली." त्यानं घरच्या तुरीची डाळ आणली होती, माझ्यासाठी, चक्कीवर भरडलेली. मग ठेल्यावरच्या चार-पाच जणांकडे वळून म्हणाला, "हे कोन हायेत माहीत हाये का? भाऊ, यायले थे गानं म्हनून दाखवा."

मी पुन्हा "हं" म्हटलं.

नत्थुजी भला माणूस. पन्नी घोटता घोटता सहज म्हणाला, "मले काय सांगता, माह्यं रोजचं गिऱ्हाईक हाये. सकाळी एक, दुपारी एक."

ताई, त्या वेळी शालिकरामचा चेहरा मी पाहिला नाही, कारण मी डाळीच्या पिशवीकडे बघत होतो. ती पिशवी त्यानं खाली ठेवली. मग म्हणाला, "थुका." मी थुंकलो. त्यानं नत्थुजीच्या माठातलं पाणी आणून दिलं, मी चूळ भरली, लहान पोरासारखी. "मले वाटे तुमी यातून निंगून गेले असान," तो म्हणाला. "तुमी तं अजून यातच हा. मंग मी कोनाले पाहून सोडला?" मी पुन्हा चूळ भरली. तोच पुढं म्हणाला, "जाऊ द्या. सोडला तं सोडला. तुमचा नंबर द्या." डाळही देऊन गेला. परत नेली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता, चक्की सुरू करायच्या आधी, त्याचा फोन येतो. नमस्कार नाही, चौकशी नाही. "खाल्ला का?" मी पहिल्या दिवशी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मंग एक ओळ म्हना. वरच्या सुरातली." खर्रा गालात असला की वरचा सूर लागत नाही, हे त्याला कसं कळलं देव जाणे. मी अंथरुणात बसून म्हटली. दुसऱ्या दिवशी मागून बायकांचे आवाज. चक्कीवर दळणाचे डबे घेऊन त्या रांगेत असतात, शालिकराम फोन स्पीकरवर ठेवतो. माणिकबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिला भूपाळी लागते. एकीला नातवाच्या बारशासाठी पाळणा पाहिजे होता, तो मी आदल्या दिवशी बसवून ठेवला. या वयात, ताई, मी संध्याकाळी सकाळच्या दहा मिनिटांचा रियाज करतो. त्या पाव तासात सांगितलेल्या आनंदांपेक्षा हा मोठा होता आणि तो मी तुला सांगितला नाही, कारण तो सांगायचा तर सगळंच सांगावं लागलं असतं.

सव्वीस दिवस झाले फोनला. त्यात मी तीनदा खाल्ला. दोनदा शालिकरामला सांगितलं, दोन्ही वेळा तो "बरं" म्हणाला आणि त्या दिवशी गाणं घेतलं नाही. बायका डबे ठेवून तशाच गेल्या म्हणे. तिसरी वेळ मागच्या बुधवारी संध्याकाळची. गुरुवारी सकाळी त्यानं विचारलं आणि मी नाही म्हटलं. रात्र गेली होती, तोंड साफ होतं, सूर चांगला लागला. माणिकबाई म्हणाली, आज आवाज लई गोड हाये. शालिकराम म्हणाला, "असनच, सोडला ना त्यायनं." ताई, पेटीवर पडलो होतो तेव्हाही मला एवढी लाज वाटली नव्हती.

तर अशी तुझी ओवाळणी. राग आला तर येऊ दे, मी त्यालाच पात्र आहे. भाऊजींना अर्धंच सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गोवर्धन

ता. क. – मुख्य गोष्ट राहिली. येत्या शनिवारी संस्था अकोल्याला, तुमच्याच गावात, माझा सत्कार करून राहिली आहे. शाल, श्रीफळ आणि 'व्यसनमुक्तीचा आदर्श' असं लिहिलेली पाटी. घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं माझ्याबद्दल दोन शब्द बोलावे म्हणून प्रीतमनं तुझा नंबर मागितला आणि मी दिला. तो फोन करील. तेव्हा तूच त्याला कसंही करून हा सत्कार होऊ शकत नाही म्हणून सांग. तू शाळेत शिकवण्यात इतकी वर्षं काढलीस, तुला नाही म्हणता येतं. मला जमत नाही.

ता. क. दुसरा – तू नाही म्हणणार नसशील, तर निदान भाषणात भाऊबीज आणू नको.

(पुढचं वेगळ्या अक्षरात.)

ताई, नमस्कार. मी सीमा. हे आज पेटीच्या खोळीत सापडलं. हे त्यांचं तिसरं पत्र आहे, आधीची दोनही तिथंच होती, पाकिटात घालून, तिकीट लावून. ती दोन्ही मी वाचली. त्या दोन्हींत गुरुवारची कबुली नव्हती. यात आहे, म्हणून हे मी पोस्टात टाकून येते. संस्थेला मात्र तुम्ही फोन करू नका. तो त्यांचा त्यांना करू द्या. मी त्यांच्या बाजूला बसते.